मेद ओसरल्यानंतरचे शरीर

वजन उतरणे ही गोष्ट सर्वसामान्य माणसाच्या कल्पनेत वजाबाकीसारखी असते. एकशेवीस किलोमधून पन्नास किलो गेले म्हणजे सत्तर किलो उरले. आणि हे सत्तर किलोचे शरीर जन्मभर तेवढ्याच वजनाच्या असलेल्या माणसाच्या शरीरासारखे असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. फार मोठ्या प्रमाणावर वजन उतरलेल्या माणसाला लाकडी पाटावर बसवत नाही. ऐन वैशाखात त्याला पंख्याचा वारा सोसत नाही. केस विंचरताना फणीत पुंजके येतात. बोलताना स्वतःचाच आवाज कानात घुमतो. छातीखाली एक कठीण गाठ हाताला लागते आणि रात्रीची झोप उडते. पोटावरची कातडी ओसाड झोळीसारखी लोंबू लागते.

हे बदल अनपेक्षित असतात, आणि त्यांपैकी कित्येक दुसऱ्याजवळ बोलून दाखवण्यासही संकोच वाटावा असे असतात. चहूकडून अभिनंदन होत असताना तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी, असे त्या माणसास वाटते. या मौनाचे परिणाम मात्र गंभीर होऊ शकतात. कोणी निरुपद्रवी बदलाला असाध्य रोगाचे लक्षण समजून हाय खातो. कोणी भिऊन चाललेला उपचार मध्येच सोडतो. कोणी खरोखरच धोक्याची असलेली खूण ‘वजन उतरल्यावर असे व्हायचेच’ म्हणून अंगावर काढतो. यास्तव या बदलांमागील कार्यकारणभाव जाणून घेणे आवश्यक ठरते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वजन उतरण्याची कारणे अनेक आहेत. कडक आहारनियमन, जठर व आतड्यांवरील शस्त्रक्रिया, तसेच अलीकडच्या काळात भूक मंदावणारी औषधे ही हेतुपूर्वक योजलेली कारणे होत. यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधास अमेरिकेत २०२१ साली स्थूलतेवरील उपचारासाठी मान्यता मिळाली, आणि २०२५ पासून या वर्गातील औषधे भारतातही स्थूलतेसाठी मिळू लागली. परंतु कोणताही प्रयत्न न करता वजन झपाट्याने घटत असेल, तर त्याचे कौतुक करण्यापूर्वी कारण शोधले पाहिजे. क्षयरोग, मधुमेह, अवटू ग्रंथीची अतिक्रियता, कर्करोग यांची ती पहिली खूण असू शकते. येथील विवेचन मुख्यतः हेतुपूर्वक उतरवलेल्या वजनासंबंधी आहे.

मेदाची अनेकविध कामे

भारतीय वैद्यकाने मेदाची गणना सप्तधातूंत केली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचे वर्णन आहे; त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही समावेश आहे. दोन्ही टोके शरीराला अडचणीची आहेत, ही जाणीव त्यामागे दिसते.

आधुनिक शरीरविज्ञानानुसार मेदपेशी हे प्रथमतः शक्तीचे कोठार आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे नऊ उष्मांक मिळतात. पिष्टमय पदार्थांपासून वा प्रथिनांपासून केवळ चार. तथापि मेदाचे कार्य साठवणीपुरते मर्यादित नाही. त्वचेखालील मेदाचा थर उष्णता धरून ठेवतो. नितंब, तळपाय, डोळ्यांच्या खोबणी आणि मूत्रपिंडांभोवतीची जागा येथे तो उशीचे काम करतो. याशिवाय मेद हा संप्रेरके निर्माण करणारा एक अवयवही आहे. न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. शरीरात मेदाचा साठा किती आहे याची वर्दी हे संप्रेरक मेंदूला देत असते. स्त्रीत्वाशी संबंधित इस्ट्रोजेन या संप्रेरकाचाही काही भाग मेदातच तयार होतो. आणि तो स्त्रियांप्रमाणेच पुरुषांतही होतो.

नाहीसा झालेला मेद कोठे जातो, हा प्रश्न अनेकांना पडतो. तो घामावाटे वितळून जातो, शौचावाटे पडतो, अशा समजुती रूढ आहेत. वस्तुतः मेद शरीरात प्राणवायूच्या साह्याने जळतो. दहा किलो मेद पूर्णपणे जळाला, तर त्यातील सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर जातो, आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे उतरलेल्या वजनाचा सर्वांत मोठा भाग माणूस अक्षरशः श्वासाबरोबर सोडून देतो.

मेद जळाला तरी मेदपेशी मात्र बहुतांशी जागेवरच राहतात. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, प्रौढ माणसाच्या शरीरातील मेदपेशींची संख्या जवळजवळ स्थिर असते. दरवर्षी त्यांतील सुमारे एक-दशांश पेशी नष्ट होतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. शस्त्रक्रियेने पुष्कळ वजन उतरलेल्या लोकांतही दोन वर्षांनंतर ही संख्या घटलेली नव्हती. पेशी फक्त आक्रसल्या होत्या. धान्य काढून घेतले तरी पोती कोठारात पडूनच असतात, तशातलाच हा प्रकार.

दोन महत्त्वाची निरीक्षणे

वजन फार घटले असता शरीरात काय होते, याचे सर्वांत तपशीलवार निरीक्षण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत झाले. युद्धामुळे उपासमार झालेल्या युरोपातील जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे ठरवण्यासाठी शास्त्रीय माहिती हवी होती. मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाविज्ञानाचे संशोधक अँसेल कीज यांनी त्यासाठी एक प्रयोग आखला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने त्यात भाग घेतला. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांना बटाटे, सलगमासारखी कंदमुळे, पाव असा दिवसाला सुमारे १,५७० उष्मांकांचा आहार देण्यात आला, आणि आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे करण्यात आले. त्यांचे वजन सरासरीने सुमारे एक-चतुर्थांश घटले.

या तरुणांच्या शरीरांत झालेले बदल कीज यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या द्विखंडात्मक ग्रंथात नोंदवले आहेत. त्यांची नाडी मंदावून मिनिटाला ३५ च्या आसपास आली. विश्रांतीच्या स्थितीत शरीर जेवढी शक्ती खर्च करते, ती सुमारे ४० टक्क्यांनी घटली. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजत असे. केस गळू लागले, घोटे सुजले, उभे राहताच घेरी येऊ लागली. कठीण खुर्चीवर बसणे असह्य होऊन ते उशा बाळगू लागले. दिवसरात्र त्यांच्या डोक्यात अन्नाचेच विचार घोळत. कित्येकांनी पाककृतींची पुस्तके जमवली. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांनी प्रचंड प्रमाणात खाल्ले, आणि काही काळ त्यांच्या अंगावरील मेद मूळच्याहूनही वाढला.

हे तरुण मुळात स्थूल नव्हते. म्हणून त्यांचा अनुभव स्थूल माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. स्थूल माणसाजवळ साठा मोठा असल्यामुळे तो दीर्घकाळ तग धरतो. याचे विलक्षण उदाहरण स्कॉटलंडमधील अँगस बार्बिएरी या तरुणाचे आहे. १९६५ ते १९६६ या काळात डंडी येथील डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने ३८२ दिवस अन्न घेतले नाही. पाणी, चहा-कॉफी, जीवनसत्त्वे आणि काही क्षार एवढ्यावर तो राहिला. त्याचे वजन ४५६ पौंडांवरून (सुमारे २०७ किलो) १८० पौंडांपर्यंत (सुमारे ८२ किलो) उतरले. अखेरच्या काळात त्याला ३७ ते ४८ दिवसांतून एकदा शौचास होत असे. पाच वर्षांनंतर त्याचे वजन १९६ पौंड, म्हणजे सुमारे ८९ किलो होते. हे उदाहरण अनुकरणीय मात्र नव्हे. त्याच काळात अशा दीर्घ उपवासांत काही रुग्ण दगावले, आणि वैद्यकाने ही उपचारपद्धती पुढे सोडून दिली.

या दोन्ही निरीक्षणांतून एक गोष्ट दिसून येते. मेद घटला की शरीर दोन प्रकारे बदलते. मेद जेथे आधार म्हणून होता, तेथे पोकळी निर्माण होते. आणि अन्नाचा तुटवडा आला आहे असे समजून शरीर आपला सारा खर्च आवरते घेते. पुढील बहुतेक बदलांचे मूळ या दोहोंपैकी एकात सापडते.

त्वचा

त्वचेची लवचीकता कोलॅजेन आणि इलॅस्टिन या तंतूंवर अवलंबून असते. वर्षानुवर्षे ताणल्या गेलेल्या त्वचेतील हे तंतू विरळ व दुर्बळ होतात. आतील मेद काही महिन्यांत निघून गेला, तरी त्वचा त्या गतीने आकुंचन पावू शकत नाही. वय जितके अधिक, स्थूलतेचा काळ जितका दीर्घ, आणि उतरलेले वजन जितके मोठे, तितकी ती सैल राहते. धूम्रपानाने यात भरच पडते. पोट, दंड, मांड्यांची आतील बाजू आणि स्तन या ठिकाणी तिच्या घड्या पडतात. चेहऱ्याच्या बाबतीत तर माणूस थोड्याच काळात वयस्कर दिसू लागतो. गाल बसतात, गळ्याची कातडी लोंबते, आणि भेटणारे लोक आजारपणाची चौकशी करू लागतात.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. कातडीच्या घडीत घाम साचतो, घर्षण होते, वारा लागत नाही. आपल्याकडील दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तेथे बुरशीजन्य संसर्ग, खाज आणि दुर्गंधी उद्भवते. ही जागा दररोज धुऊन हलक्या हाताने पूर्ण कोरडी करणे, सुती व अंगालगत बसणारे कपडे वापरणे, लाली वा चिरा दिसताच औषध लावणे, हे उपाय उपयोगी पडतात. तेले आणि मलमे चोळून सैल त्वचा आवळून येत नाही. व्यायामाने स्नायू भरतात व काही पोकळी भरून निघते, परंतु मोठी झोळी नाहीशी होत नाही. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. अशी शस्त्रक्रिया वजन अनेक महिने स्थिर राहिल्यानंतरच करतात. अन्यथा त्वचा पुन्हा सैल पडते किंवा ताणली जाते.

आधार गेल्यावर

चरकाने अतिकृश माणसाचे वर्णन करताना त्याचे नितंब, उदर व मान सुकलेली असतात आणि शिरांचे जाळे वर दिसते असे म्हटले आहे. फार वजन उतरलेल्या माणसाला त्याचा थोडाबहुत अनुभव येतो. बसताना शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडतो. त्यांच्यावरील मेदाची गादी विरळ झाली की जमीन, पाट, बसचे बाक, न्हाणीघरातील चौरंग, सारेच टोचू लागते. कुशीवर झोपताना गुडघ्यावर गुडघा घासतो. बोटातील अंगठी गळून पडते, बांगड्या कोपरापर्यंत चढतात, पायातील जोडे सैल होतात.

पूर्वी न जाणवलेली हाडे आता हाताला लागतात. त्यांपैकी एका हाडाने अनेकांना उगाच घाबरवले आहे. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी एक लहान, टोकदार अस्थी असते. मेदाच्या थराखाली ती लपलेली असते. थर उतरला की पोटाच्या वरच्या अंगाला, बरोबर मध्यभागी, ती कठीण गाठीसारखी हाताला लागते, आणि कर्करोगाच्या शंकेने माणूस डॉक्टरकडे धाव घेतो. ती प्रत्येक माणसात जन्मतः असतेच. अर्थात कोणतीही नवी गाठ डॉक्टरला एकदा दाखवून घेणे केव्हाही योग्य.

मेदाची उशी गेल्यामुळे मज्जातंतूही उघडे पडतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक मज्जातंतू पायाकडे जातो. येथे तो त्वचेच्या अगदी जवळ असतो. पायावर पाय टाकून किंवा बराच वेळ उकिडवे बसल्याने त्याच्यावर दाब पडतो. मेदाचे आवरण असताना हा दाब सोसला जातो. ते गेले की एके दिवशी पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना चवडा जमिनीवर आपटतो. दुसऱ्या महायुद्धातील उपासमार झालेल्या युद्धकैद्यांत हा विकार आढळला होता. मांडी घालून वा उकिडवे बसून कामे करण्याची सवय असलेल्या आपल्या समाजात ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. दाब टाळला की बहुतेकांचे पाऊल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होते. मात्र तपासणी लगेच करून घेतली पाहिजे.

कानाचा बदल सर्वांत चमत्कारिक वाटतो. घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी एक नलिका असते. एरवी ती मिटलेली असते आणि गिळताना वा जांभई देताना क्षणभर उघडते. तिला मिटलेली ठेवण्यास तिच्या शेजारचा मेद साहाय्य करतो. तो घटला की नलिका उघडीच राहते, आणि स्वतःचा आवाज, इतकेच नव्हे तर श्वासोच्छ्वासही कानात मोठ्याने घुमू लागतो. आडवे झाल्यावर किंवा डोके खाली केल्यावर हा त्रास थांबतो, ही त्याची ओळख. पुष्कळांना याचे कारण न कळल्यामुळे ते मनाचा भ्रम समजतात. वजन स्थिर झाल्यावर किंवा किंचित वाढल्यावर तो बहुधा कमी होतो.

क्वचित प्रसंगी पोकळीचा परिणाम पोटातही होतो. लहान आतड्याचा आरंभीचा भाग दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जातो, आणि तेथील मेद त्यांच्यात अंतर राखतो. हा मेद फार घटल्यास आतडे चिमटले जाते. थोडे खाल्ले तरी पोट फुगणे, पित्तयुक्त उलट्या होणे, ही त्याची लक्षणे होत. पालथे वा डाव्या कुशीवर झोपल्याने बरे वाटते. या अवस्थेत वजन आणखी घटत जाते, म्हणून उपचारास विलंब करू नये.

शरीराची काटकसर

थंडी वाजण्याची कारणे दोन. एक, उष्णता धरून ठेवणारा थर पातळ झालेला असतो. दुसरे, अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाचे क्रियाशील रूप घटल्यामुळे उष्णतेची निर्मितीही मंदावते. नाडी व रक्तदाब उतरतात. पूर्वीपासून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी येथे सावध राहिले पाहिजे. स्थूल शरीरासाठी ठरवलेली मात्रा आता अधिक होते. परिणामी उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. औषधांच्या मात्रा वेळोवेळी डॉक्टरकडून बदलून घेणे अगत्याचे आहे.

केसांचे गळणे हे मनाला सर्वाधिक लागते, विशेषतः स्त्रियांना. डोक्यावरील बहुसंख्य केस वाढीच्या अवस्थेत असतात, आणि थोडे विश्रांतीच्या अवस्थेत. एकाएकी अन्न तुटले की पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. मधला काळ गेलेला असल्यामुळे कारणाचा संबंध लक्षात येत नाही. तेल, साबण, पाणी यांना दोष दिला जातो. मुळे शाबूत असल्यामुळे पुढील काही महिन्यांत केस पुन्हा येतात. प्रथिने, लोह वा जस्त यांची कमतरता असेल तर ती भरून काढावी लागते.

पित्ताशयातील खडे ही वेगाने वजन उतरवण्याची दुष्परिणती होय. मेद झपाट्याने वापरला जात असता यकृत पित्तात अधिक कोलेस्टेरॉल सोडते; खाणे कमी झाल्यामुळे पित्ताशय पुरेसे रिकामे होत नाही; साचलेल्या पित्तात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरत असेल तर हा संभव बराच वाढतो. उजव्या बरगडीखाली उठणारी आणि पाठीत जाणारी तीव्र कळ ही त्याची सूचना.

उतरलेले सारे वजन मेदाचे नसते. त्याचा साधारण चौथा हिस्सा स्नायू व इतर मेदरहित ऊतींचा असू शकतो. हाडांवरचा भार हलका झाल्याने आणि संप्रेरके बदलल्याने हाडेही काही अंशी विरळ होतात. आहारात पुरेशी प्रथिने आणि वजन उचलण्यासारखा स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांनी ही हानी मर्यादित ठेवता येते.

अपत्यधारणा

स्थूलतेमुळे अनेक स्त्रियांची पाळी अनियमित होते व बीज बाहेर पडत नाही. वजन उतरले की हे चक्र, कित्येकदा अपेक्षेपूर्वीच, सुरू होते. वर्षानुवर्षे मूल न झालेली स्त्री आपल्याला दिवस जाणारच नाहीत असे समजून निश्चिंत असते, आणि अनपेक्षितपणे गर्भ राहतो. शस्त्रक्रियेनंतर पहिली बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असा वैद्यकीय सल्ला असतो. कारण या काळात मातेच्याच पोषणाचा साठा अपुरा असतो. जठर व आतड्यांवरील काही शस्त्रक्रियांनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, हेही स्त्रीला आधी सांगितले गेले पाहिजे.

याउलट वजन प्रमाणाबाहेर घटल्यास पाळी बंद पडते. अमेरिकेतील रोझ फ्रिश यांनी १९७४ साली असे मत मांडले की, पाळी सुरू होण्यास व चालू राहण्यास शरीरात मेदाचा किमान साठा आवश्यक असतो. हे किमान प्रमाण नेमके किती याविषयी पुढे वाद झाला. परंतु मेंदू मेदाच्या साठ्याची दखल घेऊनच प्रजननाला अनुमती देतो, ही गोष्ट लेप्टिनच्या शोधाने पुष्ट झाली.

भूक आणि मन

वजन उतरल्यानंतर ते टिकवणे इतके कठीण का, याचे उत्तर नैतिक दौर्बल्यात शोधण्याची रीत जुनी आहे. शास्त्राचा निष्कर्ष वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प आहार दिला. त्यानंतर एक वर्ष लोटले तरी भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेलीच होती. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील वजन उतरवण्याच्या एका स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. तीस आठवड्यांत या स्पर्धकांचे वजन सरासरी ५८ किलोंनी उतरले होते. सहा वर्षांनी त्यांतील ४१ किलो परत आले होते. आणि तरीही त्यांचे शरीर विश्रांतीच्या स्थितीत अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांक कमीच खर्च करीत होते. भुकेशी चाललेला हा झगडा शरीराने मांडलेला असतो. त्यात मागे पडलेल्या माणसाची निर्भर्त्सना करणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

मनालाही नव्या देहाची ओळख पटण्यास वेळ लागतो. अंगावरचा भार गेला तरी मनातील आकृती जुनीच राहते. माणूस सवयीने अरुंद दारातून तिरका होऊन जातो, खुर्चीवर बसण्याआधी ती मोडणार तर नाही ना म्हणून चाचपून पाहतो, दुकानात मोठ्याच मापाचे कपडे उचलतो. आरशातील सैल कातडी पाहून कोणाला वाटते की, एक लाज जाऊन तिच्या जागी दुसरी आली. समाजाची वागणूक बदलते, तीही मनाला बोचते. काल ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते त्याच्याशी आज आदराने बोलले जाते, आणि आपण कालही तोच माणूस होतो हे त्याला विसरता येत नाही. अशा वेळी आप्तेष्टांनी देहावरची टीका आणि देहाची स्तुती, दोन्ही आवरती घेतलेली बरी.

काय सोसावे, काय सोसू नये

वरील बदलांची विभागणी व्यवहारात उपयोगी पडते. थंडी वाजणे, केस गळणे, बसताना हाडे टोचणे, आवाज घुमणे हे बहुधा काळाबरोबर सौम्य होतात. सैल त्वचा आणि बळावलेली भूक या दीर्घकाळच्या सोबती होत. त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते किंवा उपचार करावे लागतात. काही लक्षणांना मात्र एक दिवसाचीही सवलत देऊ नये. सतत उलट्या होणे, शुद्ध हरपणे, छातीत धडधड, पोटात तीव्र कळ, कावीळ, पाऊल लटके पडणे ही ती लक्षणे होत. उलट्यांबरोबर एकाचे दोन दिसणे, तोल जाणे वा भ्रमिष्टासारखे बोलणे सुरू झाल्यास ती ब जीवनसत्त्वांपैकी थायामिनच्या अभावाची खूण असू शकते. त्यावर तातडीने उपचार न झाल्यास मेंदूला कायमची इजा होते. त्याचप्रमाणे दीर्घ उपवासानंतर एकदम भरपूर खाल्ल्याने रक्तातील क्षारांचे संतुलन ढळून प्राणावर बेतू शकते. म्हणून अन्नावर परतणे क्रमाक्रमाने व देखरेखीखालीच व्हावे.

यावरून वजन उतरवूच नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. अतिस्थूलतेमुळे होणारे मधुमेह, हृदयविकार, सांध्यांचे विकार यांच्या तुलनेत यांतील बहुतेक गैरसोयी अल्प आहेत, आणि योग्य रीतीने वजन उतरवलेल्या असंख्य माणसांचे जीवन खरोखरच सुसह्य झाले आहे. आवश्यकता आहे ती या गोष्टी आधी सांगितल्या जाण्याची. उपचार सुरू करताना डॉक्टरने किती किलो उतरतील हे जसे सांगावे, तसेच त्या किलोंबरोबर आणखी काय काय जाईल आणि काय मागे उरेल, हेही सांगावे. रुग्णानेही ते संकोच न बाळगता विचारावे. पूर्वसूचना मिळालेला माणूस त्याच बदलाकडे पाहून धीर धरतो; ज्याला ती मिळालेली नसते, तो अंधारात एकटाच भीत राहतो.